पांढऱ्या घराची डागडुजी

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बदलतात त्या २० जानेवारीला सकाळी अकराच्या आत दोन कुटुंबं वॉशिंग्टनमधल्या व्हाइट हाउसमधून एकत्र बाहेर पडतात. एकाचं बिऱ्हाड उठलेलं असतं, दुसऱ्याचं अजून लागायचं असतं. कॉफी होते, पायऱ्यांवर फोटो होतात आणि गाड्या कॅपिटॉलच्या, म्हणजे संसद भवनाच्या दिशेनं निघतात. कॅमेरेही त्यांच्या मागोमाग जातात. त्यानंतर घराच्या दक्षिण बाजूला जे चालतं त्याकडे फारसं कोणाचं लक्ष नसतं. त्या दिवसातलं सगळ्यांत अवघड काम मात्र तेच.

तिथे दोन ट्रक उभे असतात. एकात जाणाऱ्यांचं सामान चढतं, दुसऱ्यातून येणाऱ्यांचं उतरतं. हातात साधारण पाच तास असतात. दुपारी बाराला शपथ, मग भाषण, भोजन, मिरवणूक. नवं कुटुंब संध्याकाळी घरी येतं तेव्हा त्यांचे कपडे कपाटात टांगलेले हवेत, गाद्यांवर नव्या चादरी हव्यात आणि न्हाणीघरात त्यांच्या नेहमीच्या ब्रँडची टूथपेस्ट हवी. सामान हलवणाऱ्या कंपनीची माणसं ट्रक दारापर्यंत आणू शकतात, पण उंबरा ओलांडण्याची सुरक्षा परवानगी त्यांच्याकडे नसते. म्हणून आतलं सगळं ओझं घरचीच माणसं वाहतात. आचारी, सुतार, वीजतंत्री, फुलांची मांडणी करणारे, खोल्या आवरणारे असे शंभरेक जण त्या दिवशी हमाल होतात. त्यांच्या प्रमुखाला 'चीफ अशर' म्हणतात. शब्दाचा अर्थ दारवान, प्रत्यक्षात तो वाड्याचा कारभारी.

अडचण येते ती लिफ्टपाशी. राहत्या मजल्यांवर जायला मोजक्याच लिफ्ट आहेत, आणि एकाच लिफ्टमधून एकाची खोकी खाली आणि दुसऱ्याची वर जायची असतात. खोक्यांची अदलाबदल झाली तर एकाची गठुडी दुसऱ्याच्या गावी पोचायची. म्हणून तयारी महिनाभर आधीपासून चालते. येणाऱ्या कुटुंबाला खोल्यांचे नकाशे दिले जातात, कोणतं फर्निचर घराचं आहे आणि कोणतं आपलं आणायचं ते ठरतं, कोणाला काय खायला आवडतं याची यादी होते. जाणारे लोक नाताळनंतर थोडं थोडं सामान पुढे धाडू लागतात. कागदपत्रांचा प्रश्न वेगळा. १९७८ च्या कायद्यानं राष्ट्राध्यक्षांचे कामकाजाचे कागद सरकारी मालकीचे ठरले, त्यामुळे ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातात. परदेशी पाहुण्यांनी दिलेल्या किमती भेटवस्तूंचंही तेच.

आणि महिना संपला की बिल येतं. घर फुकट, नोकर फुकट, पण स्वतःच्या आणि घरच्या पाहुण्यांच्या जेवणाचे, कपडे धुण्याचे, साबण-टूथपेस्टचे पैसे राष्ट्राध्यक्षांच्या खिशातून जातात. सरकारी मेजवानीचा खर्च सरकारचा. मुलीच्या मैत्रिणी राहायला आल्या तर त्यांच्या नाश्त्याचा खर्च बापाचा. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या पत्नी नॅन्सी यांना हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं, आणि पहिलं बिल पाहून त्या चकित झाल्या होत्या. वर्षाला चार लाख डॉलर पगार असला तरी त्या स्वयंपाकघराच्या दर्जाचं जेवण तीन वेळा विकत घेणं सोपं नसावं.

या घराच्या 'परंपरा' म्हणून ज्या गोष्टी कौतुकानं सांगितल्या जातात, त्यातल्या बऱ्याचशा अशाच अडचणींतून निघाल्या आहेत. काहीतरी गळत होतं, तुटत होतं, अडत होतं. कोणीतरी तात्पुरता उपाय केला. तो पुढच्या भाडेकरूनं काढला नाही. शंभर वर्षांनी त्याला सोहळा म्हणू लागले. घराच्या रंगापासूनच बघा.

१८१४ मध्ये ब्रिटिशांनी घर जाळलं, काळे डाग झाकायला ते पांढरं रंगवलं आणि म्हणून नाव पडलं व्हाइट हाउस, ही गोष्ट अमेरिकेतली शाळकरी मुलंसुद्धा सांगतात. ती खरी नाही. घराच्या बाहेरच्या भिंती व्हर्जिनियातल्या अक्विया खाडीजवळच्या वालुकाश्माच्या आहेत. हा दगड कोरायला मऊ, पण सच्छिद्र. पावसाचं पाणी आत मुरतं, हिवाळ्यात गोठतं, गोठताना फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. भिंती उभ्या करून बसलेल्या पाथरवटांना हे ठाऊक होतं, म्हणून १७९८ मध्ये त्यांनी सगळ्या दगडावर चुन्याचा दाट हात मारला. सच्छिद्र दगडाची भोकं बुजवायला केलेली ती सफेदी होती. लोक घराला 'पांढरं घर' म्हणू लागले ते तेव्हापासून, आगीच्या बऱ्याच आधी. कागदोपत्री मात्र ते 'प्रेसिडेंट्स हाउस' किंवा 'एक्झिक्युटिव्ह मॅन्शन'च राहिलं. १९०१ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी पत्रांच्या मथळ्यावर 'द व्हाइट हाउस' छापायला लावलं आणि टोपणनाव अधिकृत झालं.

आगीचे डाग खरेच होते, आणि आहेत. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत दगडावरचा रंग खरवडायचं काम झालं तेव्हा तीस-चाळीस थर निघाले. त्याखाली १८१४ ची काजळी जशीच्या तशी होती. तिचे एक-दोन ठिकाणचे डाग मुद्दाम न रंगवता ठेवले आहेत. बाकीच्या भिंतींना एकदा रंग द्यायचा तर ५७० गॅलन, म्हणजे दोन हजार लिटरहून जास्त रंग लागतो. एका वाड्याला दोन हजार लिटर! चुन्याचा तो पहिला हात फारच महागात पडला म्हणायचं.

घर पाहावं बांधून, म्हणतात. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ते बांधून पाहिलं, पण राहून पाहिलं नाही. जागा त्यांनी ठरवली. १७९२ च्या स्पर्धेत आयरिश वास्तुकार जेम्स होबन यांचा आराखडा त्यांनीच निवडला. डब्लिनमधल्या लेन्स्टर हाउसशी त्याचं नातं उघड दिसतं. निवडल्यावर आकार एक पंचमांश वाढवा, दगडी कोरीवकाम जास्त करा, असंही सुचवलं. यजमान असंच करतात. मग दगड पुरेना. आराखड्यात तीन मजले होते, ते दोनवर आले. खाणीतला दगड काढणारे आणि विटा भाजणारे बरेचसे मजूर गुलाम होते. पगारपत्रकावर नाव त्यांचं आणि पैसे मालकाचे, असा हिशेब चाले. खुद्द होबन यांचे गुलाम सुतार त्या यादीत आहेत.

१३ ऑक्टोबर १७९२ ला कोनशिला बसवली. तिच्यावर पितळी पट्टी होती. समारंभानंतर मंडळी जॉर्जटाउनमधल्या खानावळीत गेली आणि एकामागून एक अभीष्टचिंतनाचे प्याले उचलले गेले. दगड नेमका कोणत्या कोपऱ्यात बसवला याची नीट नोंद कोणी ठेवली नाही. ही कोनशिला पुढे परत येईल.

१ नोव्हेंबर १८०० ला जॉन अ‍ॅडम्स राहायला आले तेव्हा गिलावा ओला होता. त्यांच्या पत्नी अ‍ॅबिगेल यांनी पत्रात लिहिलं आहे की रोज तेरा शेकोट्या पेटत्या ठेवाव्या लागतात, नाहीतर दमट जागेत झोपायची पाळी येते. सभोवती जंगल असून सरपण मिळेना, कारण तोडायला माणसं नव्हती. नोकरांना हाक मारायच्या घंटा बसल्या नव्हत्या. अंगणाला कुंपण नव्हतं, आणि राष्ट्राध्यक्षांचे धुतलेले कपडे बाहेर चारचौघांसमोर वाळत घालायचे कसे? त्यांनी पूर्वेकडच्या मोठ्या अर्धवट दिवाणखान्यात दोऱ्या बांधल्या. आज त्याच ईस्ट रूममध्ये सन्मानपदकं दिली जातात, मृत राष्ट्राध्यक्षांची शवपेटी दर्शनासाठी ठेवली जाते. अ‍ॅबिगेलबाईंना फक्त दोरीला पुरेशी लांबी हवी होती.

१८१४ च्या आगीनंतर उभ्या राहिल्या त्या बाहेरच्या भिंती. आतलं सगळं गेलं. पहिल्यांदा बांधायला आठ वर्षं लागली होती. आता तीन वर्षांत उरकायचं होतं, कारण घर जळकं ठेवणं म्हणजे हरल्याची कबुली. होबननाच पुन्हा बोलावलं. घाई होती म्हणून आतल्या काही भिंती विटांऐवजी लाकडात उठवल्या गेल्या. १८१७ मध्ये जेम्स मन्रो राहायला आले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. या घाईची किंमत सव्वाशे वर्षांनी हॅरी ट्रूमन यांनी मोजली.

मधल्या काळात काय झालं ते जुन्या वाड्यात राहिलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. प्रत्येक भाडेकरूनं आपल्या सोयीचं काहीतरी घातलं. पाण्याचे नळ आले. गॅसचे दिवे आले. गरम हवेच्या नळ्या आल्या. १८९१ मध्ये वीज आली. बेंजामिन हॅरिसन आणि त्यांची पत्नी बटणाला हात लावायला भीत, दिवे लावायचं-घालवायचं काम तारा ओढायला आलेल्या तरुण वीजतंत्र्यानं करावं लागे. तो आयर्विन हूव्हर तिथेच नोकरीला राहिला आणि पुढे चीफ अशर झाला. (मिलर्ड फिलमोर यांनी घरात पहिला बाथटब बसवला ही प्रसिद्ध गोष्ट मात्र १९१७ मध्ये एका पत्रकारानं थट्टेत रचलेली. खुलासा झाल्यावरही ती मेली नाही. ट्रूमनसुद्धा ती रंगवून सांगत.)

यातल्या प्रत्येक सोयीसाठी नळकांडं कुठून तरी न्यावं लागतं, आणि प्लंबर तुळईला विचारत नाही. जिथे आड येईल तिथे खाच पाडतो. एक खाच तुळईला काही करत नाही. पण शंभर वर्षांत पाण्यासाठी एक, गॅससाठी एक, वाफेसाठी एक, विजेसाठी एक अशा खाचा पडत गेल्या, आणि काही तुळया मूळ जाडीच्या फारच थोड्या भागावर भार पेलत राहिल्या.

त्यात दोन मोठे घाव पडले. १९०२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्यासाठी घराची मोठी दुरुस्ती झाली. पश्चिमेच्या काचघरांची जागा कचेरीच्या इमारतीनं घेतली. तीच आजची वेस्ट विंग. मेजवानीची खोली वाढवण्यासाठी एक जिना आणि भिंत काढली गेली, आणि तिच्यावर बसलेला भार दुसरीकडे वळवावा लागला. मग १९२७ मध्ये कूलिज यांच्या काळात जुनं लाकडी छप्पर उतरवून पोलाद आणि काँक्रीटचा तिसरा मजला चढवला. मजला मजबूत होता. तो ज्या आतल्या विटांच्या भिंतींवर टेकला त्यांना धड पाया नव्हता. त्या मऊ मातीवर उभ्या होत्या. म्हाताऱ्याच्या डोक्यावर गव्हाचं पोतं द्यावं तसं झालं.

ट्रूमन यांना १९४७-४८ च्या सुमारास जमीन हलल्यासारखी वाटू लागली. खाली समारंभात निशाणपथक पावलं टाकत आलं की झुंबरांची किणकिण सुरू होई. १९४८ मध्ये मुलगी मार्गारेटच्या पियानोचा एक पाय फरशीतून आरपार गेला. अभियंत्यांनी तपासणी केली आणि राष्ट्राध्यक्षांना रस्त्यापलीकडच्या ब्लेअर हाउसमध्ये हलवलं. हे घर केवळ सवयीनं उभं आहे, असा तपासणाऱ्यांचा सूर होता.

तीन पर्याय होते. पाडून नवं बांधायचं. दगड न् दगड उतरवून पुन्हा रचायचं. किंवा बाहेरच्या भिंती तशाच ठेवून आतलं सगळं पोकळ करायचं. पहिला सर्वांत स्वस्त होता. ट्रूमन तिसऱ्यावर अडून बसले. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, ५४ लाख डॉलर मंजूर केले, आणि १९४९ च्या डिसेंबरात काम सुरू झालं.

पोकळ करण्याआधी भिंती धरून ठेवायच्या होत्या. बाहेरच्या भिंतींखाली टप्प्याटप्प्यानं चौकोनी खड्डे खणले, तेही शेजारी शेजारी नव्हे, कारण एका वेळी भिंतीचा फार मोठा भाग अधांतरी ठेवता येत नाही. मऊ चिकणमाती संपून खडीचा घट्ट थर लागेपर्यंत, म्हणजे पंचवीस फुटांच्या आसपास खाली जायचं, काँक्रीट भरायचं, ते धरलं की पुढचा खड्डा. असे १२६ खांब झाले. दगडी कवच नव्या पायावर आलं, आत पोलादी सांगाडा उभा राहिला आणि मगच जुन्या भिंती सुटल्या. तळाशी दोन नवी तळघरं खणायची होती, त्यासाठी बुलडोझर हवा होता. तो आत न्यायला भिंतीला भगदाड पाडायची ट्रूमन यांनी परवानगी दिली नाही. मग यंत्र सुटं करून, तुकडे दारातून आत नेऊन, आत पुन्हा जोडलं.

आतलं लाकडी काम, दारांच्या चौकटी, छताच्या नक्षीच्या पट्ट्या, सगळ्यांना क्रमांक घालून गोदामात ठेवलं होतं. परत बसवताना बरंचसं बसेना. गिलाव्याची नक्षी उतरवतानाच भुगा झाली होती, लाकूड नव्या मापात येत नव्हतं, आणि पैसे व वेळ संपत आले होते. त्यामुळे आज पाहुण्यांना दिसणारं बरंच 'जुनं' व्हाइट हाउस १९५१-५२ चं आहे. फर्निचर न्यूयॉर्कच्या एका डिपार्टमेंट स्टोअरकडून मूळ किमतीत घेतलं, त्यात नकलाच जास्त. उरलेल्या विटा, खिळे, लाकडाचे तुकडे आठवण म्हणून लोकांना विकले. ज्या दगडांवर अठराव्या शतकातल्या पाथरवटांच्या खुणा सापडल्या ते ट्रूमन यांनी वेगवेगळ्या राज्यांतल्या फ्रीमेसन या बंधुसंघाच्या मंडळांना पाठवले. ते स्वतः त्या पंथाचे होते.

हे सगळं चालू असताना कोनशिलेचा शोध घेतला गेला. सुरुंग शोधायची यंत्रं भिंतींवर फिरवली, पितळी पट्टी कुठे वाजते का पाहायला. पट्टी सापडली नाही, आणि अंदाजावर भिंत फोडून पाहायला ट्रूमन तयार नव्हते. भिंती जागच्या जागी आहेत, म्हणजे कोनशिलाही असणार.

२७ मार्च १९५२ ला ट्रूमन परत राहायला आले. दहा महिन्यांनी त्यांची मुदत संपली. जॉर्ज वॉशिंग्टनपेक्षा बरं.

घरातल्या वस्तूंचं नशीब भिंतींहून वाईट होतं. जुनं फर्निचर खराब झालं की लिलाव करायचा, अशीच पद्धत होती. १८८२ मध्ये चेस्टर आर्थर यांनी चोवीस गाड्या भरून सामान विकायला काढलं, मागच्या राष्ट्राध्यक्षांच्या खुर्च्या-टेबलांसकट. पुढे त्यांनीच हौसेनं बसवलेला टिफनीच्या रंगीत काचांचा पडदा १९०२ च्या दुरुस्तीत तसाच लिलावात गेला. १९६१ मध्ये जॅकलिन केनेडी यांनी गोदामं धुंडाळायला सुरुवात केली तेव्हा कुठे त्याच वर्षी कायदा झाला, की घरातल्या ऐतिहासिक वस्तू देशाच्या. राष्ट्राध्यक्षाला त्या विकता येणार नाहीत. वस्तू वाचल्या. भिंतींना मात्र तसं संरक्षण नाही: १९६६ च्या वारसा जतन कायद्यातून व्हाइट हाउस, कॅपिटॉल आणि सर्वोच्च न्यायालय स्पष्टपणे वगळलं आहे. म्हणूनच २०२५ च्या ऑक्टोबरात ईस्ट विंग पाडायला यंत्रं लावली गेली तेव्हा अडवणारं फारसं काही नव्हतं. ती इमारत १९४२ ची, खालच्या बॉम्बरोधक तळघरावर उभी, १९७७ पासून राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची कचेरी तिच्यात होती. तिच्या जागी मोठा समारंभकक्ष बांधायचा आहे. कारण जुनंच आहे: मेजवानीच्या खोलीत एकशेचाळीसच्या आसपास माणसं मावतात, आणि त्याहून जास्त बोलावली की हिरवळीवर मंडप घालावा लागतो. २००९ मध्ये मनमोहन सिंग यांच्यासाठीची आणि २०२३ मध्ये नरेंद्र मोदींसाठीची मेजवानी अशा मंडपांतच झाली. मंडपाचा त्रास खरा आहे. त्यासाठी अख्खी इमारत एका आठवड्यात जमीनदोस्त करणं, ज्या घरात ट्रूमन बुलडोझर सुटा करून नेत होते तिथे, जरा डोळ्यांना खुपतं.

भाडेकरूंच्या हौसेचे मासले बरेच आहेत. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पोलिओनं लुळ्या झालेल्या पायांना व्यायाम मिळावा म्हणून १९३३ मध्ये लोकवर्गणीतून पोहण्याचा तलाव बांधला. निक्सन यांनी त्यावर जमीन टाकून पत्रकार परिषदेची खोली केली. तलाव खाली अजून आहे. लिंडन जॉन्सन यांना शॉवर असा हवा होता की सगळ्या बाजूंनी फवारे अंगावर आदळले पाहिजेत. घरच्या पाण्याला तेवढा दाब नव्हता. वेगळी टाकी, वेगळा पंप, नव्या तोट्या असे प्रयोग प्लंबरच्या मुकादमानं वर्षानुवर्षं केले, आणि राष्ट्राध्यक्ष प्रत्येक वेळी आणखी जोर मागत. जॉन्सन गेले. निक्सन यांनी ते यंत्र पाहिलं आणि काढून टाकायला सांगितलं.

शपथेचीही अशीच डागडुजी होत आली आहे. राज्यघटनेत शपथ आहे ३५ शब्दांची. बायबलवर हात ठेवणं, शेवटी देवाला साकडं घालणं, सरन्यायाधीशांनीच शपथ देणं, यातलं काहीही घटनेत नाही. ३ ऑगस्ट १९२३ च्या पहाटे पावणेतीनला व्हरमाँटच्या खेड्यात कूलिज यांना त्यांच्या वडिलांनी रॉकेलच्या दिव्यापाशी शपथ दिली. वडील नोटरी होते. पुढे वॉशिंग्टनमध्ये शंका निघाली की राज्याच्या नोटरीला केंद्राची शपथ देता येते का. मग गुपचूप एका न्यायाधीशांकडून ती पुन्हा घेतली. २००९ मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी 'निष्ठापूर्वक' हा शब्द जागा सोडून भलतीकडे म्हटला, ओबामा अडखळले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरातल्या मॅप रूममध्ये मोजक्या लोकांसमोर शपथ पुन्हा झाली. २०१३ मध्ये २० जानेवारी रविवारी आली, म्हणून त्या दिवशी घरात एकदा आणि सोमवारी जाहीर एकदा. दोन मुदतींत चार शपथा. तेवढ्या शपथांसाठी फ्रँकलिन रूझवेल्ट यांना चार निवडणुका जिंकाव्या लागल्या होत्या.

२० जानेवारी ही तारीखसुद्धा दुरुस्तीच. आधी ४ मार्च होती, कारण अठराव्या शतकात मतं मोजून, निरोप पोचवून, घोड्यावरून राजधानी गाठायला चार महिने लागत. रेल्वे आणि तार आल्यावरही तारीख तीच राहिली, आणि १९३२-३३ च्या हिवाळ्यात बँका बुडत असताना हरलेले राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर आणि जिंकलेले फ्रँकलिन रूझवेल्ट चार महिने एकमेकांकडे पाहत बसले. विसावी घटनादुरुस्ती १९३३ मध्ये मंजूर झाली. नव्या तारखेला पहिली शपथ १९३७ मध्ये.

ईस्टरच्या सोमवारी हिरवळीवर मुलं उकडलेली अंडी चमच्यानं ढकलत नेतात, त्याचं मूळ गवतात आहे. पूर्वी हा खेळ कॅपिटॉलच्या उतारावर चाले. मुलांनी गवताची इतकी माती केली की १८७६ मध्ये काँग्रेसनं गवत वाचवायचा कायदाच केला. १८७८ मध्ये हिरमुसलेल्या मुलांना रदरफर्ड हेज यांनी आपल्या अंगणात घेतलं. राष्ट्राध्यक्ष खोलीत शिरताना वाजणारी सलामीची धून जेम्स पोक यांच्या पत्नीनं आग्रहानं रूढ केली असं सांगतात. पोक दिसायला फारसे भारदस्त नव्हते म्हणे, आणि ते आत आलेले कोणाच्या ध्यानातच येत नसे.

ओव्हल ऑफिसातलं, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतलं प्रसिद्ध टेबल आर्क्टिकमध्ये सोडून दिलेल्या 'रिझोल्यूट' या ब्रिटिश जहाजाच्या लाकडाचं. अमेरिकी देवमासेमारांना ते १८५५ मध्ये भरकटताना सापडलं, काँग्रेसनं विकत घेऊन, डागडुजी करून परत पाठवलं, आणि जहाज मोडल्यावर व्हिक्टोरिया राणीनं १८८० मध्ये त्याचं टेबल करून धाडलं. पुढची कोरीव फळी मूळची नाही. पायांचे लोखंडी आधार कोणाला दिसू नयेत म्हणून ती फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी करवून घेतली, आणि बसण्याआधीच ते वारले. केनेडींचा छोटा मुलगा ज्या दारातून डोकावतो तो फोटो सगळ्यांनी पाहिला आहे. ते दार म्हणजे ती फळी.

जाणाऱ्यानं टेबलात पुढच्यासाठी चिठ्ठी ठेवायची, ही आताची सर्वांत लाडकी परंपरा रेगन यांच्यापासूनची, म्हणजे १९८९ ची. कागद गमतीचा होता: हत्तीवर टर्की पक्षी चढून बसलेले, वर छापलं होतं, या टर्कींना तुम्हाला खाली खेचू देऊ नका. टर्की या शब्दाचा इंग्रजीत दुसरा अर्थ मूर्ख माणूस, आणि हत्ती रेगन यांच्या पक्षाचं चिन्ह. त्याआधी दोन वर्षं, १९८७ मध्ये, इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या इराण-काँट्रा प्रकरणातल्या अधिकाऱ्यांना माफी देणार का असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा थँक्सगिव्हिंग या सणाच्या जेवणासाठी भेट आलेल्या, समोर उभ्या टर्कीकडे वळून त्यांनी प्रश्न टाळला होता: याला मात्र मी माफी दिली असती.

१९८९ च्या नोव्हेंबरात ज्यांना चिठ्ठी मिळाली होती त्या थोरल्या बुश यांच्यापुढे टर्की आली, आणि त्यांनी ती माफी खरोखरच जाहीर केली. तेव्हापासून दरवर्षी ती दिली जाते. पक्षी दोन निवडतात, कारण ऐन वेळी एक आजारी पडला किंवा बिथरला तर समारंभ अडू नये. पिल्लापणापासून त्यांना माणसांच्या हाताची, गोंगाटाची आणि कॅमेऱ्याच्या झगमगाटाची सवय लावतात. आदल्या रात्री त्यांचा मुक्काम जवळच्या विलर्ड हॉटेलात असतो. माफी मिळालेले पक्षी फार जगत नाहीत. मांसासाठी वाढवलेल्या जातीचं वजन त्यांच्या पायांना आणि हृदयाला झेपत नाही, आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही चालत नाही.